यूनिससमोर कुणी ओढत नाही

लँबर्ट बोअर या वाळवंटातल्या आदिवासी वस्तीच्या दवाखान्यात तिथलीच यूनिस माणसांना प्रश्न विचारते. साखर, रक्तदाब, कानातला पू, झोप, दारू. आणि या सगळ्याच्या मधे, अगदी सहज वाटावा असा, तंबाखूचा. वर्षातून एकदा प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी आणि तेव्हा हा प्रश्न गाळायचा नाही, असा नियम आहे. उत्तर कॉम्प्युटरात जातं, तिथून दूर शहरात, आणि काही महिन्यांनी शहरातून आलेखाची एक रेघ परत येते. किती माणसं ओढतात, गेल्या वेळेपेक्षा कमी की जास्त, ते त्या रेघेवरून कळतं.

यूनिस प्रश्न विचारते तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. आपल्या माणसाकडे कुणी असं रोखून बघत नाही. ती बाहेर सावलीत पडलेल्या कुत्र्यांकडे बघत विचारते आणि मग थांबते. नर्स ब्रॉन्विन नवी होती तेव्हा तिला वाटायचं, ही बाई विसरली बहुतेक. मग कळलं की ते थांबणं हेच काम आहे. त्या शांततेत माणसं दवाखान्यात कधी न बोललेलं बोलून जायची.

तीन वर्षं रेघ खाली येत होती. ब्रॉन्विनने ती छापून पाण्याच्या पिंपाशेजारी चिकटवली होती. शहरातल्या आरोग्य खात्याच्या बाईंनी फोनवर अभिनंदन केलं, तेव्हा यूनिसने फक्त बरं म्हटलं. पण पाणी प्यायला ती जरा जास्तच वेळा उठू लागली.

त्या रेघेत तिचं माणूस होतं. नवरा तीन वर्षांपूर्वी फुप्फुसांच्या आजाराने गेला, तोही इथे नाही, शहराच्या इस्पितळात, कुठल्याशा मजल्यावर, जिथून जमीन दिसत नव्हती. वस्तीतला तंबाखू म्हणजे तो. पगाराच्या दिवशी सगळ्यांकडेच असायचा, पण चार दिवसांनी फक्त त्याच्याकडे. मेहुणे, भाचे, चुलतभाऊ, ज्याला ज्याला हक्क होता तो शेकोटीशी येऊन बसायचा, आणि त्याचा डबा उघडाच असायचा. गेलेल्याचं नाव तोंडी आणायचं नसतं, म्हणून त्याचंही मिटवलं गेलं. तो आता कुन्मानारा, गेलेल्या सगळ्यांसारखा. त्याच नावाचा एक पोरगा होता, त्यालाही सगळे वेगळ्या नावाने हाका मारू लागले. घर बंद झालं. यूनिसने केस कापले आणि वस्तीच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे राहायला गेली. सगळं रीतसर झालं.

त्यानंतर तिच्या लक्षात आलं की ती ज्या शेकोटीपाशी बसते तिथे धुराला फक्त लाकडाचा वास येतो. ती विचारायची आणि माणसं नाही म्हणायची, एकामागून एक. तिला वाटलं, जाताना तो तंबाखू बरोबर घेऊन गेला. असं ती कुणाला म्हणाली नाही. पण एवढं मोठं ओझं घेऊन गेला असेल तर त्याचं मरण अगदीच फुकट गेलं नाही, अशा विचारावर ती सकाळी उठायची.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला शहरात जावं लागलं. तेवढ्या काळातल्या तपासण्या ब्रॉन्विनने केल्या. परत आली तर ब्रॉन्विनचा चेहरा उतरलेला.

"तू गेलीस आणि अख्खी वस्ती पुन्हा ओढायला लागली," ती म्हणाली. "आता तुला सुट्टी द्यायलाच नको."

ती गमतीने म्हणाली होती, पण मानतही होती तसंच. तिने हो म्हणालेल्यांची नावं दाखवली. त्यात लेटिशा होती, यूनिसच्या धाकट्या बहिणीची मुलगी. म्हणजे यूनिसचीच, कारण आईची बहीण आईच असते. लेटिशाला सहावा महिना होता. बाळ असायला हवं त्यापेक्षा लहान भरत होतं आणि का, ते कुणाला कळत नव्हतं. यूनिसने तिला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा पोरगी खाली बघून, नाही आई, म्हणाली होती.

एवढ्या थोड्या दिवसांत सगळे मिळून परत सुरुवात करत नाहीत, हे ऑपरेशन झालेल्या डोळ्यालाही दिसत होतं. यूनिसला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग ती क्लेमकडे गेली.

क्लेम म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. पत्र्याच्या आडोशाला बसून तो राखेतून कांगारूचं शेपूट उकरत होता. ती बसली. त्याने काठीने शेपूट झटकलं, तोडून तिच्यापुढे ठेवलं. दोघं बराच वेळ खात राहिले.

"भाऊजी, तुमच्या खिशात काय आहे?" यूनिसने विचारलं.

"म्हातारपण."

"आणि त्याच्याखाली?"

क्लेमने बोटं चाटली. खिशाला हात लावला नाही. "तुझ्यापुढे काढू? मला काय जनाची लाज नाही?"

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"विचारणारी तू. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तू तंबाखूचं काढलंस की तोच येऊन बसतो तुझ्याशेजारी. मग काय सांगायचं तुला? तो ज्यानं गेला ते आमचं अजून चाललंय, असं? त्याच्या बायकोच्या तोंडावर?"

"म्हणजे मी तीन वर्षं खोटं लिहिलं."

"खोटं कसं?" क्लेमला हे मनापासून पटलं नाही. "तू समोर होतीस तेवढा वेळ कुणी ओढली का? नाही ना. मग?"

यूनिसला हसू आलं आणि ते तोंडातच राहिलं. तिने विचारलं, हे ठरवलं कुणी? कुणीच नाही, क्लेम म्हणाला. पहिल्यांदा त्यानेच सिगारेट विझवली होती, यूनिस लांबून येताना दिसली म्हणून. बाकीच्यांनी ते पाहिलं. आता ते थांबवणंही त्याच्या हातात नव्हतं. दुखवटा तिचा होता, तीच तो काढू शकत होती.

त्यानंतरचे काही दिवस यूनिस दवाखान्यात आली, गेली, पण तंबाखूचा प्रश्न तिने कुणालाच विचारला नाही. एक सोपी वाट होती. हा प्रश्न ब्रॉन्विनने विचारायचा. पण ब्रॉन्विन समोर बघून विचारते. लेटिशा तिला हो म्हणाली होती खरी, पण पुढे एक शब्द नाही, दगडासारखी बसून राहिली. आणि नर्सांचं काय, त्या येतात, छान असतात आणि जातात.

दुसरी वाट, दुखवटा काढायची, तिला दिसत होती, आणि तिला ती नको होती. नाव गेलं, घर गेलं, तो झोपायचा ती गादीही जाळून झाली. आता तो उरला होता तो एवढ्याच ठिकाणी, ती आल्यावर लोकांच्या पाठीमागे जाणाऱ्या हातांत. त्या विझवलेल्या प्रत्येक सिगारेटीत वस्ती त्याची आठवण काढत होती. ते हात पुन्हा पुढे आले की तो पुरता गेला. दुसऱ्या बाजूला एक बाळ होतं, असायला हवं त्यापेक्षा लहान, आणि त्याच्या आईला या एकाच बाईपाशी खरं बोलता येत नव्हतं.

रविवारी नदीच्या कोरड्या पात्रात झाडांखाली पत्ते चालू होते. यूनिस येताना दिसली तशी बायकांचे हात खाली गेले, वाळूत काहीतरी खुपसलं गेलं. ती नेहमीच्या जागी बसली नाही. क्लेमच्या समोर जाऊन बसली.

"भाऊजी, पेटवा."

पत्ते वाटणारी थांबली.

"पुरे झालं आता," यूनिस म्हणाली. "कुन्मानाराचं झालं सगळं. माझ्यासमोर पेटवा."

क्लेमने तिच्याकडे पाहिलं नाही. पुडी काढली, कागद काढला. तंबाखू मांडीवर सांडला, पुन्हा गोळा केला. पहिली काडी विझली. दुसरी त्याने दोन्ही हातांच्या आडोशाने धरली. धूर सरळ यूनिसकडे आला आणि ती हलली नाही. त्यात त्याचा शर्ट होता, दाढी होती, डब्याचं झाकण होतं, सकाळची खोकल्याची उबळ होती. मग तिच्या आतून शोकाचा तो लांब सूर निघाला, तीन वर्षांपूर्वीचाच, आणि म्हाताऱ्या बायकांनी पत्ते खाली ठेवून तो उचलून धरला. तो संपेपर्यंत कुणी उठलं नाही.

संपल्यावर यूनिसच्या आत्याने वाळूतून आपली अर्धी सिगारेट शोधून काढली, फुंकून साफ केली.

"तुझ्यापासून लपता लपता माझे गुडघे गेले," ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीमागे धावायचं म्हणजे या वयात."

सगळ्या हसल्या. पत्ते पुन्हा वाटले गेले. यूनिसही एक डाव खेळली आणि हरली.

सोमवारी ब्रॉन्विनच्या कानावर गेलं होतं की यूनिसने सगळ्यांना ओढायला लावलं. ती हादरलीच होती. यूनिसने तिला बसवून सगळं सांगितलं, सावकाश, मधे थांबत. ब्रॉन्विन रडकुंडीला आली. मग कामाचं बोलली. रेघ आता वर जाणार, एकदम वर. शहरातून विचारणा होणार. त्यांना काय सांगायचं? यूनिस म्हणाली की आत्ता सांगितलं तेच सांगायचं. ते त्यांना समजलं नाही तर यूनिस स्वतः फोनवर बोलणार होती. त्या महिन्यात ती प्रत्येकाला पुन्हा विचारणार होती.

लेटिशा दुपारी आली. पोटावर हात ठेवून खुर्चीत टेकली. यूनिसने रक्तदाब घेतला, पाय सुजलेत का ते दाबून पाहिलं. मग विचारलं.

बाहेर एक गाडी सुरू होऊन निघूनही गेली.

"हो, आई."

यूनिसने ते लिहिलं. मान वर केली नाही.

"सकाळची पहिली कुठे ओढतेस?"

"टाकीमागे."

"एकटी?"

"एकटी."

"उद्या मी येते तिथे," यूनिस म्हणाली. "चहा घेऊन येते. साखर किती घालू?"