सुरीवरची तीन टिंबं

आजीकडून आईकडे आलेल्या जुन्या सुरीच्या पात्यावर, मुठीजवळ, तीन टिंबं आहेत. आमच्या प्रत्येक भांड्यावर आईचं नाव कोरलेलं आहे, पण ते मालकिणीचं. ते भांडं घडवलं कुणी, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

बाजारच्या दिवशी ती सुरी धार लावायला घिसाड्यांच्या पालावर नेली. तिथल्या म्हातारीनं टिंबांवरून अंगठा फिरवला. "हे आमच्या सासऱ्याचं काम."

"ही त्यांची सही का?"

"सही कसली भाऊ! अक्षर कुणाला येत व्हतं? जेवढी लेकरं, तेवढी टिंबं. तीनच हायती, म्हंजे आमचे मालक तवा जन्मायचे व्हते," म्हणत ती हसली.

माझी आईही अंगठाच उठवते. याच सुरीनं भाजी चिरून तिनं माझे डबे भरले, आणि मी घरातला पहिला पदवीधर झालो. त्या डब्यांमागे ही सुरी घडवणाराही एक हात होता.

"त्यांच्या हातचं आमच्याकडं काहीच न्हाई," म्हातारी म्हणाली. "केलं ते समदं इकलं."

"मग ही ठेवा तुम्ही." मी बोलून गेलो खरा, पण आईला काय सांगू, ते सुचेना.

तिनं मान हलवली. "नगं. हितं पडून गंजंल. तुमच्यात ती रोज राबती."

मग ती बराच वेळ धार लावत बसली. घरी येऊन पाहिलं, तर पातं लखलखत होतं. फक्त टिंबांभोवतीची बोटभर जागा तिनं तशीच काळी ठेवली होती.