सासूबाई आणि अर्धी फी

सासूबाई नागपूरहून उन्हाळ्याचे दोन महिने आमच्याकडे राहायला येणार असं ठरलं, तेव्हा मला सगळ्यात आधी आनंद झाला तो पाळणाघराचे पैसे वाचणार याचा. नव्वदीच्या दशकातलं बंगलोर. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, घर इंदिरानगरात, मी शहरातल्या एका ऑफिसात, आणि दीड वर्षाची लेक दिवसभर मागच्या गल्लीतल्या अक्कांकडे.

अक्का निपाणीकडच्या. नवऱ्याशी कानडी बोलायच्या, आमच्याशी मराठी. समोरच्या खोलीत चार-पाच मुलं सांभाळायच्या. पैसे महिन्याच्या सुरुवातीला, आगाऊ. संध्याकाळी सहानंतर न्यायला आलात तर जास्तीचे. कुठे काही लिहिलेलं नसे, पण विसरायची सोय नव्हती.

मी त्यांना सांगितलं, "अक्का, दोन महिने ती येणार नाही. तिची आजी येतेय."

"छान झालं की," अक्का म्हणाल्या. "मग दोन महिने अर्धंच द्या."

"पण ती येणारच नाही ना!"

"ती येणार नाही हे खरं हो. पण तिची जागा मी कुणाला देऊ? आणि दिली कुणाला, तर आजी परत गेल्यावर त्या पोराला काय जा म्हणू?"

मी कानडीत 'सरी', म्हणजे बरं, म्हणून घरी आले. नवरा म्हणाला, "तुला घासाघीसच करता येत नाही." मग तो स्वतः गेला आणि तासाभराने परत आला.

"काय झालं?"

"अर्धेच द्यायचे. पण शेवयांची खीर फार छान करतात गं त्या."

सासूबाईंना हे कळलं ते येऊन दोन दिवस झाल्यावर. "पोरगी माझ्या मांडीवर आणि पैसे त्या बाईला? काहून?" त्यांनी विचारलं. नागपुरात भाजीवाले त्यांना लांबून येताना पाहून आपण होऊन भाव कमी करत, असं नवरा अभिमानाने सांगायचा. "तुम्ही दोघं राहू द्या. मी पाहते."

शनिवारी सकाळी त्यांनी पदर खोचला, नातीला कडेवर घेतलं आणि निघाल्या. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाल्या, "कायले? मला तोंड नाही का?"

जेवायची वेळ झाली तरी त्यांचा पत्ता नाही. भांडण हातघाईवर आलं की काय या काळजीने मी मागच्या गल्लीत गेले. खोलीत मुलं ओळीने बसली होती आणि मधोमध सासूबाई. एका तमिळ जोडप्याचा मुलगा होता, तो अक्कांच्या हातून कधी धड जेवायचा नाही. सासूबाई त्याला वऱ्हाडी ठसक्यात चिऊ-काऊचे घास भरवत होत्या आणि तो पठ्ठ्या आ करून खात होता. अक्का भिंतीला टेकून चहा पीत होत्या. त्यांना बसलेलं मी तोवर पाहिलंच नव्हतं.

"ठरलं का काही?" मी हळूच विचारलं.

"ठरलं ना. अर्धे पैसे देऊन राहिलो, तर अर्धा दिवस पोरगी इथेच राहील. फुकट कायले सोडायचं?"

"मग तुम्ही घरी एकट्या काय करणार?"

"मी कशाला घरी राहू? भिंतींशी बोलू का? मी पण इथेच येईन."

सोमवारपासून त्या नातीला घेऊन अक्कांकडे जाऊ लागल्या. अर्ध्या दिवसाचा पूर्ण दिवस कधी झाला ते कळलं नाही. कानडीतला एकच शब्द त्यांनी उचलला, 'स्वल्प', आणि तेवढ्यावर सगळं भागवलं. स्वल्प खा, स्वल्प झोप, स्वल्प गप्प बस. आम्ही दोघं घरी यायचो तर दाराला कुलूप. घरात गरम चहा मिळेल ही आशा नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात सोडली.

एक दिवस माझी बस रखडली आणि सहा वाजून गेल्यावर मी धापा टाकत पोचले. दारात सासूबाई उभ्या.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या.

"हो आई, बसच रखडली."

"जास्तीचे पैसे काढ."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "आई, ती तुमच्याजवळच होती ना!"

"मी अक्काच्या कामावर होती. घरच्यांनाच सूट दिली, तर यांना कोणत्या तोंडाने मागायचं?" त्यांनी तमिळ मुलाच्या वडिलांकडे बोट दाखवलं. ते मुलाच्या पायात चप्पल घालत होते आणि एक अक्षर न कळताही सगळं समजल्यासारखे हसत होते.

"राहू दे की हो," अक्का संकोचून म्हणाल्या. मी नोट काढली. सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेऊन अक्कांच्या मुठीत कोंबली.

सासूबाई परत निघाल्या तेव्हा अक्कांनी त्यांना एक पाकीट दिलं. ते पाहून नवऱ्याचा चेहरा उतरला. "आई, तू लोकांची मुलं सांभाळून पैसे घेणार?"

"तू लोकांचे कॉम्प्युटर सांभाळून घेतो ना?" त्या म्हणाल्या आणि पाकीट पर्समध्ये टाकलं.

पुढच्याच महिन्यात अक्कांनी फी वाढवली. "तुमच्या सासूबाईच म्हणाल्या, इतक्या कमी पैशात कोण सांभाळतंय?" मी नागपूरला फोन केला. "बरोबर बोलली मी," सासूबाई म्हणाल्या. "तू ऑफिसात पगारवाढ मागत नाही का?" एसटीडीचे आकडे पळत होते, म्हणून मी वाद घातला नाही.

दिवाळीत नागपूरला गेलो तर आमच्या झोपायच्या खोलीत दोन झोळ्या टांगलेल्या, आणि त्यांत कॉलनीतल्या एका बँकवालीची जुळी. सासूबाईंनी स्वतःचं पाळणाघर काढलं होतं. नवरा दोन दिवस बाहेरच्या खोलीत कुरकुरत झोपला. तिसऱ्या दिवशी तो एक झोळी हलवत पेपर वाचताना दिसला.

पुढच्या उन्हाळ्याआधी तो आईचं तिकीट काढायला निघाला, तर फोनवर ठणकावून उत्तर आलं, "काढू नको. मी माझ्या पैशाने काढलं." साठीला पोचलेल्या बाईने आयुष्यात प्रथमच स्वतः रांगेत उभं राहून, स्वतःच्या कमाईने काढलेलं तिकीट. वरच्या बर्थचं निघालं. बदलून घेऊ म्हटलं तर ऐकेनात. स्टेशनवर उतरल्या त्या कंबर धरून, पण हमालाला पेटी द्यायच्या आधी भाव मात्र त्यांनीच ठरवला.