आबांनी मधेच धरलेलं ध्रुवपद

मंडळी, म्युझिक थेरपीच्या एम.ए.च्या प्रवेशासाठी माझ्या गाण्याचा व्हिडिओ आज पाठवायचाय. दुसरा कुठलाच आवाज नको, अशी अट. म्हणून गंगाखेडच्या या उकाड्यात सकाळपासून पंखासुद्धा बंद.

पेटीवर अभंग सुरू केला. बाजूच्या खाटेवर आबा, माझे वडील. भजनात मागं ध्रुवपद धरायचे. लकवा मारल्यापासून तोंडातून शब्द न्हाई.

आज त्यांनी ध्रुवपद धरलं. अडखळत, बेसूर, पण धरलं!

आणि मी? पेटीवरचा हात उचलून ओठांवर बोट ठेवलं.

"अगं, म्हणू दे की त्यायला!" आई ओरडली. पण आबा गप झाले होते.

दुसरा व्हिडिओ लय स्वच्छ आलाय. त्यानंतर तोच अभंग कितीदा म्हटला, आबा नुसते भिंतीकडं बघायलेत.

सांगा, हा व्हिडिओ कोणत्या तोंडानं पाठवू?