भरला की दुसऱ्यात

ग्लास काठोकाठ भरला तरी मी ओततच राहिले. पाणी टेबलावरून ओघळत थेट तात्यांच्या धोतरावर गेलं.

तात्या म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. वडगाव निंबाळकरच्या बालवाडीत मी मोठ्या गटाला कोडिंग शिकवते, तेही कॉम्प्युटर न लावता. मी रोबोट होते आणि पोरं मला हुकूम सोडतात. सांगतील तेवढंच करायचं, आपली अक्कल चालवायची नाही. नवरा म्हणतो, तेवढं तुला सहज जमतं.

तात्यांना हे पटत नव्हतं. "पाच वर्सांच्या लेकरांना कसलं आलंय कोडिंग? शनिवारी येऊन बघतो. न्हाय पटलं तर सोमवारपास्नं तास बंद."

नोकरी गेली नसती, मोठ्या मुलांचे वर्ग होतेच. पण या तासावर माझा जीव होता. त्यात 'लूप' काही केल्या पोरांच्या गळी उतरेना. लूप म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करायचं, आणि थांबायचं कधी तेही आधीच सांगून ठेवायचं. पोरं 'चल' म्हणायची आणि थांबवायचं विसरायची. बुधवारी मी भिंतीला नाक लावून उभी होते.

शनिवारी टेबलावर पाच ग्लास मांडले. म्हटलं, "तात्या, पहिला हुकूम तुमचा. माझ्याकडून पाचही ग्लास भरून घ्या."

"त्यात काय अवघड? वता पाणी!"

मी ओतलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

"अवो बाई, थांबा की! दिसत न्हाय व्हय?" तात्या उठून धोतर झटकू लागले. मी थांबले. मुख्याध्यापिकांचा चेहरा पाहून वाटलं, गेला आपला तास.

तेवढ्यात स्वरा उभी राहिली. वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी.

"तात्या, तुमचंच चुकलं. आमचं आबा उसाला दारं धरत्यात, तवा एक सरी भरली की पाणी दुसरीत सोडत्यात. तसं सांगायचं. भरला की दुसऱ्यात, भरला की दुसऱ्यात. समदं भरलं की मोटर बंद."

मी तसंच केलं. पाची ग्लास भरले, थेंबभर सांडलं नाही. पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं, पण रोबोटला तसा हुकूम नव्हता.

तात्या ओला सोगा हातात धरून हसत सुटले. "म्हंजी आमी जल्मभर कोडिंगच केलं म्हणा की!"

तास चालू राहिला. आता मी 'लूप' म्हणत नाही, 'दारं धरणं' म्हणते, आणि पोरांना ते एका दिवसात कळतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पाहुण्यांना मात्र मी हल्ली टेबलापासून लांब बसवते.