गुप्त रोग लिहू नका

माझी पँट गुडघ्यापर्यंत उतरवलेली होती, तेव्हाच डॉक्टरनं पडदा सारला आणि बाहेर हाक मारली.

"भितर ये रे. पळय तुज्या ड्रायव्हराचें."

आत आला पात्रांव. मी चालवायचो त्या खनिजाच्या ट्रकाचा मालक, डॉक्टरचा साडू. मी झाकायला हात पुढे केला, डॉक्टरनं तो ढकलला. दोघं वाकून बघू लागले.

"खाणीवरच्या ड्रायव्हरांक बायलांचो नाद. देवान वांकडें केलें."

हसले. दोघंही.

मी बायकोशिवाय कुणाकडे गेलो नव्हतो. तसं सांगितलं, तर आणखी हसले. कातडीखाली कडक गाठ लागत होती. ताठरलं की वर वाकायचं, दुखायचं. तेवढंच विचारायला गेलो होतो. त्यानं गाठीला हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या सकाळी डिचोलीला ट्रकांची रांग लागली होती. पात्रांव ओरडला, "ए वाकड्या!" सगळी रांग हसली. मग तेच माझं नाव. ते मयेला आमच्या भाड्याच्या खोलीपर्यंत पोचलं. बायको ताट वाढून समोर बसली.

"खरां सांगा. खंय गेल्लात?"

"खंयच नाय."

"मगे ह्यां झालां कशान?"

मला ठाऊक नव्हतं. तीच म्हणाली, "मोठ्या इस्पितळात विचारूया. मी येतंय."

तिथल्या डॉक्टरनं आधी दार लावलं. "तपासू ना?" असं मला विचारलं. मग दोघांना समोर बसवून सांगितलं. आत एक आवरण असतं. त्याला कधी मुका मार बसतो, कळतही नाही. जखम भरताना कडक वण राहतो. बाकीचं ताणलं जातं, वण ताणला जात नाही. म्हणून त्या बाजूला वाकतं.

"भायरच्या बायांकडसून लागता काय ह्यां?" बायकोनं सरळ विचारलं.

"नाही. कुणाकडूनच लागत नाही. कॅन्सरही नाही. दुखणं बहुतेक कमी होईल. सरळ होईलच, असं मी म्हणत नाही. वाढायचं थांबलं की गरज पडल्यास ऑपरेशन करता येतं."

बाहेर आलो तेव्हा बरं वाटलं नाही. संताप आला. एवढंच होतं तर! त्या पहिल्या डॉक्टरला कळत नव्हतं, तर तसं सांगायचं. पण गरीब माणूस नागडा सापडला की यांना तमाशा हवा.

दुसऱ्या दिवशी पात्रांव ओरडला, "वाकड्या, गाडी काढ!"

मी खाली उतरलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "ह्यो आजार आसा. जखमेचो वण. माका लाज नाय. तुझ्या साडवान माका नागडो करून तुका दाखवल्यान, लाज तेका वाटाक व्हयी."

कुणी हसलं नाही.

"चावी दी," पात्रांव म्हणाला. दिली.

आता काम नाही. बायको काजूच्या कारखान्यात जाते. मी त्या पहिल्या डॉक्टरविरुद्ध तक्रार द्यायला सरकारी कचेरीत गेलो. कारकून दबक्या आवाजात म्हणाला, "गुप्त रोग लिहू?"

"गुप्त रोग लिहू नका. शिश्नाला वण पडून वाक आलाय, असं लिहा. त्यानं मला उघडं करून दुसऱ्याला दाखवलं, असं लिहा. खाली माझं पुरं नाव."

बाकावरची माणसं वळून बघू लागली. बघू देत.

मिटवून टाक, असं सांगायला पात्रांवचा माणूस येऊन गेला. मी मिटवणार नाही. चौकशीला बोलावतील त्या दिवशी हेच शब्द उभा राहून, मोठ्यानं, त्या डॉक्टरच्या तोंडावर म्हणणार.