सात वाक्यांचा कलेक्टर

ओहायोतल्या डब्लिनला आमच्या शेजारी एक म्हातारे इंग्रज नट राहायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ब्रिटिश सिनेमांत बटलर, हवालदार, नाहीतर प्रेत तपासणारा डॉक्टर केला. बायको गेल्यावर ते मुलीकडे अमेरिकेत आले. आमच्या मंडळाच्या नाटकात गोऱ्या कलेक्टरला सात मराठी वाक्यं होती. नाटक मी बसवत होतो. अस्सल गोरा फुकटात मिळतोय, एवढाच विचार करून मी त्यांना विचारलं.

त्यांची एकच अट होती : प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायचा. दोन महिने ते रोज संध्याकाळी आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर येऊन वाक्यं घोटायचे. बसण्याआधी कलेक्टर टोपी कुठे ठेवेल, यावर त्यांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. आमचा नायक तालमीला सामोसे खायला यायचा आणि संवाद फोनवर वाचायचा.

प्रयोगाच्या दिवशी भाषणं लांबली. मध्यंतरात मंडळाचे अध्यक्ष वडा खात विंगेत आले.

"यार, गोऱ्या काकांचा सीन कट कर. स्पॉन्सरचं बोलणं राहिलंय, सहाला हॉल सोडायचाय."

"त्यांनी दोन महिने तयारी केलीय."

"अरे, शाल-श्रीफळ देऊ की! फोटो काढू. ते खूश, आपण खूश."

तोंडातला घास चावता चावता अध्यक्षांनी एक माणूस खोडून टाकला. आणि मी मान हलवली. पुढच्या वर्षी मला सेक्रेटरी व्हायचं होतं.

कलेक्टरच्या कोटावरच शाल पडली. घरं विकणाऱ्या स्पॉन्सरने त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. टाळ्याही झाल्या, आमच्याकडे त्या कशालाही होतात.

परतताना गाडीत त्यांनी शालीची घडी करून मांडीवर ठेवली. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "माझं मराठी वाईट होतं का? खरं सांगा."

'नाही' म्हणालो असतो, तर सीन का गेला आणि मान कुणी हलवली, तेही सांगावं लागलं असतं.

"थोडे उच्चार," मी म्हणालो.

"मग सुधारा."

त्यांनी पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. एकही अक्षर चुकलं नव्हतं. घर येईपर्यंत मी त्यांच्या बिनचूक वाक्यांत चुका काढत राहिलो, आणि मी सांगेन तसं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.