इंजिनाच्या नाकावरची जाळी

१४ मे, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. नवा रायपूरमधील आमच्या वसाहतीचे, बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र पुन्हा तापले. दोष माळ्याचा ठरवून त्याला कामावरून काढण्याची चिठ्ठी मी खिशात ठेवली होती.

मिस्त्री माणसांना नमस्कार करत नाही, इंजिनाला करतो. तो करून त्याने गवताने बुजलेल्या मच्छरदाणीच्या तुकड्यावर बोट ठेवले. "पंख्याच्या तोंडावर हे कोणं बांधलं?"

"मी. धूळ जाऊ नये म्हणून."

"काकाजी, हे हवेवर थंड होते. मे महिन्यात तुमचं नाक बांधलं तं तुम्ही नाही तापणार?"

माळी तोंड फिरवून हसला.

जाळी काढून मिस्त्रीने इंजिन सुरू केले. "हवा ओढते का पाहू. कागद द्या."

खिशात एकच कागद होता. तो पंख्याला घट्ट चिकटला. मिस्त्रीने तो सोडवला, वाचला आणि त्यालाच तेलकट हात पुसले.